केशरबाई दचकली तरच

भुताचा सिनेमा कोणता दाखवावा, हे विचारायला वऱ्हाडातले तंबूवाले अमरावतीत थेट देवमनकडे यायचे. चित्रपट भाड्याने देणाऱ्या पेढीत त्याची नोकरी होती. साठ सालच्या उन्हाळ्यात असाच चंद्रभान आला.

"भाऊ, भेव वाटंल असं एखादं पिक्चर सांगा ना जी. अचलपूरले तंबू लावून राहिलो."

"मुकं ने," देवमन म्हणाला. "बोलपटातलं भूत आंधी पैंजन वाजवते, मंग येते. मानूस तयार होऊन बसते. ते विहिरीवालं नवं हाये, त्यात तं गानेच लय. त्यापेक्षा आरामखुर्चीचं जुनं मुकं पाय. खुर्ची हालते, पन आयकू काईच येत नाई. मंग मानूस कान देते."

ऐटीत बोलला खरा, पण त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. देवमनला भुतं पाहून जांभया यायच्या. पारख होती ती त्याच्या बायकोची, केशरबाईची. पेढीत नवा सिनेमा आला की दोघं रिकाम्या थिएटरात तो आधी पाहायची. ती रिवाजाप्रमाणे बायकांच्या बाजूला पडद्याआड बसायची, दिवे मालवले की पडदा सरकवायची. घाबरली की तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि त्या वाजल्या की देवमन बेलाशक सिनेमा सुचवायचा. गेल्या पावसाळ्यात ती तापाने गेली. त्यानंतर त्याने सुचवलेल्या दोन सिनेमांना लोक पोट धरून हसले. आता हाही फसला, तर त्याच्या शब्दाला कुणी विचारणार नव्हतं.

म्हणून चंद्रभानला चहाला पाठवून तो भरदुपारी थिएटरात जाऊन बसला. वर केबिनमध्ये ऑपरेटर श्रावण, खाली तो एकटा. आत शिळ्या विड्यांचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास कोंडला होता.

दिवे मालवले. बायकांकडचा पडदा कड्यांवरून हळूच सरकला.

देवमनचे डोळे भरून आले. भीती कसली, खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं.

"आली का वं?" तो पुटपुटला. "पाय मंग... नीट पाय."

खुर्ची हलू लागली. काळोख्या जिन्यावर एक हात दिसला. बांगड्या गप्पच. देवमन हिरमुसला. मग लग्नाचा प्रसंग आला, भर उन्हातला मांडव, सगळं पांढरंशुभ्र, आणि बांगड्या वाजल्या. पुन्हा काळोखाचं चित्र आलं, त्या थांबल्या. पुन्हा उजेड आला, तशा त्या अशा थरथरल्या, जणू कुणी दोन्ही मनगटं छातीशी आवळून धरली असावीत.

"अवं, इथं भ्यासारखं काय हाये...?"

आणि त्याच्या ध्यानात आलं. समोरचं चित्र उजळलं की त्याचा उजेड सगळ्या थिएटरात पडतो. केशरबाई सिनेमा पाहतच नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती... त्याच्या मागे पाहत होती.

आयुष्यात पहिल्यांदाच देवमनच्या अंगावर काटा आला. मान वळवायची हिंमत होईना.

तेवढ्यात केबिनच्या झरोक्यातून श्रावणची वैतागलेली हाक आली.

"देवमनभाऊ, तुमच्या मांगच्या मानसाले खाली बसाले सांगा ना जी! त्याचं डोकं चित्रात येऊन राहिलं."

देवमनने समोर पाहिलं. मांडवाच्या पांढऱ्या उजेडात डोक्याची काळी सावली होती, आणि ती सावकाश खाली, त्याच्या कानाच्या दिशेने वाकत होती.