उरुग्वेवाला उभा असतो तिथून

मिग्दालियाच्या दोन्ही हातांत बर्फाची बादली होती, म्हणून तिने रस्ता ओठांनी दाखवला. मानाग्वात, निकाराग्वाच्या या राजधानीत, यात नवल काही नाही. आमच्याकडे बोट उचलण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ओठांचा चंबू करून हवी ती दिशा दाखवली जाते. पोलीस दाखवतात, आज्या दाखवतात, प्रवचन मध्येच थांबवून पाद्रीसुद्धा दाखवतात. पण समोरचा तरुण, फेर्मीन, उरुग्वेतल्या मोंतेविदेओहून, म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाहून, त्याच सकाळी उतरला होता. तो कानापर्यंत लाल झाला.

“मी… मी आजच आलोय,” तो म्हणाला.

“मग? उद्या काय रस्ता बदलणार आहे?”

“रस्ता? …हां, रस्ता!”

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आणि ती अशी हसली की बादलीतला बर्फ खुळखुळला.

प्रवाशांनी ध्यानात ठेवावं: निकाराग्वात कुणी ओठ पुढे केले तर ओठांकडे पाहू नये, ते वळलेत तिकडे पाहावं. फेर्मीनला ही सूचना पुढे तोंडपाठ झाली. पाळता मात्र कधी आली नाही.

तो आला होता प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहायला. दोन आठवडे राहायचं, सगळे पत्ते तपासायचे, नकाशा काढायचा आणि परत जायचं. आणि पहिलाच पत्ता, त्याच्या स्वतःच्या पाहुणेघराचा, चिठ्ठीवर असा होता: ‘सिनेमागृह होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक गल्ली वर.’

“केव्हापासून सिनेमागृह शोधतोय…”

“सापडायचं नाही. पडलं ते.”

“कधी?”

“भूकंपात. माझी आई लहान होती तेव्हा.”

“मग लोक पत्ता शोधतात कसा?”

“कुठे होतं ते ठाऊक असतं ना सगळ्यांना!”

“आणि वर म्हणजे? इथे तर सगळं सपाट आहे.”

“वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे.”

“आणि तो मावळल्यावर?”

“मावळला म्हणून काय झालं? उगवला तर तिकडूनच होता!” मिग्दालियाने बादली खाली ठेवली. “बसा. ऊन लागलंय तुम्हाला.”

घराच्या पुढच्या खिडकीत ती आणि तिची आई सोकोर्रोबाई सरबतं विकायच्या. तिने त्याच्या हातात थंडगार कोकोची पिशवी दिली. गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. कोपरा दाताने तोडायचा आणि चोखायचं. फेर्मीनने कोपरा तोडला, एक घोट घेतला, डोळे मिटले… आणि काहीतरी लिहून घ्यायला म्हणून पिशवी बाकावर ठेवली.

“अहो, अहो—!”

उशीर झाला होता. त्याच्या पांढऱ्या बुटांना दालचिनीचा वास सुटला.

“एकदा कोपरा तोडला ना, की ती खाली ठेवता येत नाही,” हसू दाबत तिने फडकं दिलं. “शेवटापर्यंत हातातच धरावी लागते.”

ही सूचना त्याने फक्त सरबतापुरती लिहून घेतली. तरुण होता.

दुसऱ्या दिवशी तो टपाल कार्यालय विचारायला आला. तिसऱ्या दिवशी संग्रहालय. शेजारच्या दारात डोलखुर्ची टाकून एवेनोरकाका बसलेले असत, आणि मिग्दालिया आत असली की पत्ता तेच सांगत. काकांनी जन्मात कुणाला ‘माहीत नाही’ म्हटलेलं नाही. पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवणं बरं दिसतं का? म्हणून मानाग्वात पत्ता तिघांना विचारावा आणि ज्या दोघांची उत्तरं जुळतात त्यांच्यावरही फारसा विश्वास ठेवू नये. काकांच्या पत्त्यांची तर एक खासियत होती. बँक असो, बाजार असो की बंदर, रस्ता फिरून फिरून मिग्दालियाच्या खिडकीशीच येई.

“आज कुठला पत्ता?” आठवडा उलटल्यावर तिने विचारलं.

“आज पत्ता नकोय. तहान लागलीय.”

“समोर नळ आहे.”

“नळ बोलत नाही.”

“बोलणाऱ्या सरबताचा भाव वेगळा. मोंतेविदेओत तुझी वाट कोण पाहतंय, ते सांगायचं.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे दोघांनीही विचारलं नाही.

“आई पाहतेय. आणि प्रकाशक.”

“जास्त कोण रागावतं?”

“प्रकाशक. आई नुसती रडते.”

“बस… एवढेच?”

“एवढेच.”

त्या दिवशी त्याच्या पिशवीत बर्फ जरा जास्त पडला. सोकोर्रोबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आया हे फार सफाईने करतात.

मग तो रोजच दुपारी खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून उभा राहू लागला. आणि एके दिवशी गॅसवाल्याने सोकोर्रोबाईंचं घर विचारलं, तेव्हा एवेनोरकाका डोलता डोलता म्हणाले,

“सोपं आहे. उरुग्वेवाला उभा असतो ना, तिथून एक दार वर.”

गॅसवाला थेट दारात आला. पत्ता नामी निघाला! दोन दिवसांत शिंपीण, पाववाला, पाहुणेघराची मालकीण, सगळे उरुग्वेवाल्यापासून मोजू लागले.

“काका, तो काय झाड आहे?” मिग्दालिया लाल होऊन ओरडली.

“झाडापेक्षा बरा. पानं गळत नाहीत.”

फेर्मीन मात्र हरखला होता. शुक्रवारी दुपारी तो ऐटीत म्हणाला, “बघ, तुमच्या शहराने मला नकाशावर घेतलं!”

ती हसली नाही. बर्फ फोडत राहिली.

“काय झालं?”

“उद्या तुझं विमान आहे ना?”

“हो… म्हणजे, आहे…”

“मग हे लोक काय म्हणतील ठाऊक आहे? ‘उरुग्वेवाला उभा राहायचा तिथून एक दार वर.’ उद्या म्हणतील, मी म्हातारी झाल्यावरही म्हणतील. इथे पत्ता बदलत नाही रे, नुसती माणसं जातात. आणि मी रोज त्याच पत्त्यावर राहायचं?” तिने बर्फ फोडायचं थांबवलं. “सिनेमागृह पडलं त्याचं मला काही नाही. मी ते पाहिलंच नव्हतं. तुला पाहिलंय…”

त्याने तोंड उघडलं. शब्द यायच्या आत तिने खिडकी लावून घेतली होती.

शनिवारी सकाळी खिडकी उघडलीच नाही. मिग्दालिया आत बसून बाहेरचं ऐकत होती. एक गाडी गल्लीत आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटी थांबली आणि टॅक्सीवाला ओरडला,

“काका, पाहुणेघर कुठे? पत्ता दिलाय उरुग्वेवाल्यापासून एक गल्ली वर. पण इथे तर कुठलाच उरुग्वेवाला नाही! तीन चकरा झाल्या!”

“नाहीये खरा,” काका म्हणाले. डोलखुर्ची थांबली. “आता ‘होता’ म्हणायचं.”

मिग्दालियाने डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात धावती पावलं आली. आणि धापा.

“टॅक्सी! अहो, माझी टॅक्सी…”

“तुम्हीच का ते उरुग्वेवाले?” टॅक्सीवाला भडकला. “जागा सोडून भटकता कशाला? लोकांनी शोधायचं कसं? चला, बसा लवकर, अजूनही विमानतळावर वेळेत पोचवतो!”

जड पेटी भिंतीशी टेकवल्याचा आवाज आला.

मिग्दालियाने दार उघडलं. घामाघूम फेर्मीन नेहमीच्या जागी उभा होता.

“धावत येताना वाटलं, टॅक्सी निघून गेलेली असू दे,” तो म्हणाला. “इतकं मनापासून वाटलं, की मग धावतोय कशाला, तेच कळेना.”

“आणि प्रकाशक?”

“त्याला कळवतो, नकाशा अर्धाच झालाय. या शहरात ज्या गोष्टी आहेत त्या काढून झाल्या. ज्या नाहीत त्यांना वेळ लागेल.”

“किती?”

“पुष्कळ गोष्टी नाहीत इथे, मिग्दालिया… आयुष्य जाईल. मला राहायचंय. तू म्हणालीस तर.”

टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. असं काही चाललं असताना आमच्याकडे कोणी इंजिन चालू ठेवत नाही.

मिग्दालियाने त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या बाहीने पुसला.

“मग उन्हात काय उभा राहतोस? आत ये.”

“अगं, आत नको नेऊस त्याला!” एवेनोरकाका डोलखुर्चीतून अर्धे उठले. “सगळ्या गल्लीचा पत्ता आहे तो!”

“दुसरं काहीतरी शोधा, काका!” ती म्हणाली, त्याचा हात धरून त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

मानाग्वातल्या खुणा आजवर भूकंपाने गेल्या, आगीने गेल्या, रस्ता रुंद करताना गेल्या. कुणीतरी हाताला धरून घरात नेल्यामुळे गेलेली ही पहिलीच.