पहिली फोड

हर्षा बाकावर चढून फळ्यावर लिहीत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "समुद्र पाह्यला का तुम्ही?"

तिनं वळून पाहिलं. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. खांद्याला बॅग, चपला हातात. फळ्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरात त्या दिवसाचा शब्द होता : अ‍ॅबंडंट, म्हणजे भरपूर, विपुल. खाली गाईडातून उतरवलेलं वाक्य : वॉटर इज अ‍ॅबंडंट इन द ओशन.

"नाई पाह्यला," ती म्हणाली. "काऊन?"

"मंग कायले लिहून राह्यल्या? मच्छर लिहा ना. ते तर पाह्यले असतील."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले बापूराव खो खो हसले. गडचिरोलीतल्या बुद्धविहाराला लागून असलेली ही अभ्यासिका तेच चालवत. शाळेतून निवृत्त झाले तरी हातातला खडू काही सुटला नव्हता. रोज संध्याकाळी इंग्रजीचा एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य, हा त्यांचाच नेम. आणि अक्षर चांगलं म्हणून फळा हर्षाकडे.

"बरोबर बोलला पोरगा!" ते म्हणाले. "आजपासून नियमच. वाक्य खरं पाह्यजे. डोळ्यांनी पाह्यलेलं, नाईतर मनातलं. गाईड बंद!"

हर्षानं चिडून समुद्र पुसला आणि मच्छर लिहिले. बाकावरून उतरताना ओढणी खिळ्याला अडकली. त्या मुलानं पुढे होऊन ती हळूच सोडवली... आणि लगेच दोन पावलं मागे सरकला. कुणी असं मागे सरकावं आणि आपल्याला ते आवडावं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"जय भीम," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"जोहार," तो म्हणाला. "लालसू. एटापल्लीकडचा."

झालं. तिथून सुरुवात झाली.

लालसू वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होता, हर्षा बँकेच्या परीक्षेची. दोघांचंही घोडं इंग्रजीतच अडत होतं. आश्रमशाळेत शिकलेल्या लालसूला घरी माडिया, शाळेत मराठी आणि आता हे तिसरंच. पण वाक्य करायला बसला की काय एकेक काढायचा! शब्द आला 'पंक्च्युअल', वक्तशीर. त्याचं वाक्य : हर्षा इज पंक्च्युअल, शी कम्स बिफोर द कूलर स्टार्ट्स.

"म्हंजे मी कूलरसाठी येते?"

"मंग कशासाठी येता?"

दुसऱ्या दिवशी शब्द होता 'स्टबर्न', हट्टी. तिनं लिहिलं : वन बॉय फ्रॉम एटापल्ली इज स्टबर्न. तो वाचून गालातल्या गालात हसला आणि त्या संध्याकाळी त्याच्या पुस्तकाचं पान काही उलटलं नाही. तिला कसं कळलं? तिचंही उलटलं नव्हतं ना!

फक्त एकदा जरा खडा लागला. शब्द होता 'परमिशन'. लालसूनं सरळ मनानं लिहिलं की आमच्या गावात झाड तोडण्याआधी आम्ही झाडाची परवानगी घेतो. शेजारच्या टेबलावरचा सुनिल पटकन म्हणाला, "मंग झाड काय म्हणते? हो, का नाई?" सगळे हसले. हर्षाही हसली, हलकंच. बापूरावांनी त्यावर वैज्ञानिक दृष्टिकोनावर लांबलचक भाषण दिलं. लालसू खाली मान घालून ऐकत राहिला. हर्षा ते घरी पोचेपर्यंत विसरूनही गेली. हसणारा विसरतो, तसंच.

चैत्र लागला. हर्षाच्या अंगणातला आंबा कैऱ्यांनी वाकला. तिनं सकाळी उठून कैऱ्या कापल्या, मीठ-तिखट लावलं आणि स्टीलच्या डब्यात भरल्या; वरून घ्यायला मीठ-तिखटाची पुडीही ठेवली. डबा सगळ्यांसाठी होता, असं ती आईला म्हणाली. पण त्यातली चांगली फोड, कोवळी, पांढऱ्या कोयीची, तिनं वरच ठेवली होती, आणि ती कोणासाठी हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अभ्यासिकेत डबा उघडताच झुंबड उडाली. तिनं ती फोड उचलली आणि लालसूसमोर धरली. "घ्या. आमच्या घरची."

लालसूचा हात पुढे आला... आणि अर्ध्यातच थांबला. त्यानं हात मागे घेतला.

"मी नाई खाऊ शकत."

"काऊन? आंबट नाई चालत?"

"तसं नाई... आता नाई खात." त्यानं एकदा सुनिलकडे पाहिलं, एकदा बापूरावांकडे, आणि नजर खाली केली. "राहू द्या."

हर्षाच्या हातात फोड तशीच राहिली. बाकीचे खाण्यात दंग होते, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण तिच्या छातीत काहीतरी टोचलं. आमच्या घरची, असं ती म्हणाली होती. म्हणून? हिच्या घरचं म्हणून? पुस्तकात वाचलेलं, आईच्या तोंडून ऐकलेलं, आपल्या वाट्याला कधी येणार नाही असं धरून चाललेलं सगळं एकदम वर आलं. दुसरा कोणी असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. हा लालसू होता. तिनं फोड परत डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशेजारची नेहमीची जागा सोडून लालसूपासून दूर, पार टोकाला बसली. संध्याकाळी फळ्यावर तिनं शब्द लिहिला : 'कंटेम्प्ट', तिरस्कार. आणि खाली, खडू मोडेल इतका दाबून : ही डिड नॉट टेक फूड फ्रॉम माय हँड. धिस इज कंटेम्प्ट.

लालसूनं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा पार उतरला. काही बोलायला तो उठला, पण फळ्याभोवती पोरं जमली होती. तो बॅग उचलून बाहेर पडला. सकाळी कळलं, एटापल्लीच्या गाडीनं गावाला गेला.

जाऊ दे, हर्षानं स्वतःला बजावलं. गेला तर गेला! आणि मग चुलीपुढे बसून ती ढसाढसा रडली.

तिची आई, रुखमा, भाकरी थापता थापता थांबली. हर्षानं सगळं सांगितलं. रुखमानं हात धुतले, तिच्याजवळ बसली.

"मी लहान होती ना, तवा पाटलाच्या विहिरीवर आमाले वरतून पाणी टाकत," ती म्हणाली. "ओंजळ धराची, अन् वरतून धार. टाकणाऱ्याचं तोंड मले अजून आठवते. डोळ्यात डोळे घालून पाहे तो आमच्याकडं. कसे डोळे होते त्या पोराचे?"

"...खाली होते."

"आपल्याले हलकं समजणारा मानूस कायले डोळे खाली करन? तू त्याले विचारलं का, बाई? का निकाल देऊनच टाकला?"

हर्षाला फळा आठवला. वाक्य खरं पाहिजे, हा नियम. आणि तिनं तर न विचारताच फळ्यावर चढवलं होतं!

तिनं मोबाईल घेतला आणि लिहिलं, 'काऊन नाई खाल्लं? सांगाल का?' मेसेजवर एकच टिक आली. त्याच्या गावाला कुठलं आलंय नेटवर्क? दिवसामागून दिवस ती एकच टिक पाहत राहिली. फळ्यावर रोज नवा शब्द येई, पण तिची वाक्यं आता दोन-तीन शब्दांतच आटोपत. बापूरावांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना, पोरी?"

अशाच एका दुपारी, उन्हानं रस्ता तापलेला, अभ्यासिका जवळजवळ रिकामी. हर्षा फळा पुसत होती.

"जय भीम," मागून आवाज आला.

तिच्या हातातलं डस्टर खाली पडलं. दारात लालसू. खांद्याला बॅग, चपला हातात, आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"जोहार," ती कशीबशी म्हणाली.

"मेसेज आज भेटला. रस्त्यात, आलापल्लीले." तो आत आला, पिशवी टेबलावर ठेवली. "आमच्याकडं मरका पंडूम असते. मरका म्हंजे आंबा, पंडूम म्हंजे सण. नवा आंबा आधी देवाले, पुरख्याले द्याचा, मंग गावानं खाचा. पंडूम होईपर्यंत कोणीच तोंडाले लावत नाई. माझी माय तर पडलेली कैरी पण उचलत नाई."

हर्षा मटकन बाकावर बसली. "एवढंच होतं? मंग सांगाचं होतं ना!"

"इथी?" तो ओशाळं हसला. "झाडाच्या परवानगीवर सगळे हसले होते. सुनिलचं काही नाई. पण... तुम्ही पण हसल्या होत्या."

तिला तो दिवस आठवला. आपलं ते हलकंच हसू आठवलं. तिचे कान लाल झाले.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "हसली तेही, अन् फळ्यावर लिहिलं तेही. मले वाटलं, आमच्या घरचं म्हणून..."

"समजलं मले. वाचलं तवाच समजलं. गाडीत बसून वाटलं, उतराव अन् पळत जाव." त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "पण तुम्ही पुन्हा हसल्या असत्या तर? बाकीचे हसो. तुमचं हसणं... मले नसतं झेपलं."

कूलर घरघरत होता. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले, आणि या वेळी कोणीच डोळे खाली केले नाहीत.

"झाला का मंग पंडूम?" तिनं हळूच विचारलं.

"परवा झाला. सगळ्या गावानं खाल्ले आंबे."

"कसे होते?"

"माहीत नाई." त्यानं जमिनीवरचं डस्टर उचललं, उरलेला फळा पुसला आणि खडू घेतला. त्याचं अक्षर तिरकं, जरा वेडंवाकडं. शब्द लिहिला : 'फर्स्ट'. अर्थ : पहिला. आणि खाली वाक्य : आय विल ईट माय फर्स्ट मँगो फ्रॉम हर्षाज हँड.

तिनं वाचलं. डोळे भरून आले, तरी ओठांवर हसू आलंच.

"गावात एकही नाई खाल्ला?"

"एकही नाई. माय रागावली. म्हणाली, कोणासाठी थांबला रे? मी नाव सांगितलं."

"...मंग?"

"मंग तिनंच पिशवी भरून दिली."

हर्षानं पिशवीत हात घातला. पाडाला आलेले छोटे रायवळ आंबे, काही हिरवेच. तिनं बॅगेतून डबा काढला. मीठ-तिखटाची पुडी त्यात अजून तशीच होती, का ठेवली होती कुणास ठाऊक. बापूरावांच्या टेबलावरची सुरी आणली, एक हिरवा आंबा कापला, पहिली फोड तिखटात बुडवली.

"बापूरावजीचा नियम माहीत आहे ना?" ती म्हणाली. "वाक्य खरं पाह्यजे."

"मंग करा खरं."

तिनं हात पुढे केला. या वेळी त्याचा हात अर्ध्यात थांबला नाही. त्यानं तिची बोटंच धरली, फोड खाल्ली, एक डोळा घट्ट मिटला, आणि त्याला ठसका लागला.

"तिखट झालं का रे?" तिनं घाबरून विचारलं. तुम्हीचा तू कधी झाला, हे तिलाही कळलं नाही.

"अ‍ॅबंडंट," तो ठसकत म्हणाला, आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.