वरच्याचं नाव

दार लावून घे रे, वारा येतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये खिदळलात तर मी उठून घरी जाईन.

तुम्ही तिघं शाळेतले नवे मास्तर. मी तिथं फाटकावर एकतीस वर्षं काढली, त्यामुळे कोण मास्तर किती पाण्यात आहे ते मला विचारावं लागत नाही. लोदर मास्तर इतिहास शिकवायचा. सरळ माणूस. थापा मारायला लागते ती अक्कलही त्याच्याकडे नव्हती. हे त्यानं मला इथंच, या बाकावर बसून सांगितलं.

गेल्या वर्षी शाळेला चारशे वर्षं झाली. समारंभ तीस नोव्हेंबरला, रविवारी. लोदर शाळेचा इतिहास लिहीत होता, म्हणून शनिवारी संध्याकाळी तो घंटाघराखालच्या खोलीतून १८४७ सालचं हजेरीपुस्तक घेऊन आला. त्या हिवाळ्यात तापानं आपली सहा पोरं गेली. बिशप यायचे होते, बभ्रा नको, म्हणून तेव्हाच्या मुख्याध्यापकानं डॉक्टर बोलावलाच नव्हता. जुन्या इतिहासात त्यावर दीड ओळ. लोदरला त्याची लाज वाटायची.

त्या रात्री नऊची हजेरीही त्याच्याकडेच होती. आणि वर, आजाऱ्यांच्या खोलीत, टोबायस रेन नावाचं बारा वर्षांचं पोर तापानं फणफणलं होतं. नर्स सातला गोळी देऊन घरी गेली आणि बर्फात अडकली. साडेआठला लोदर वर गेला, तर पोर त्याला ओळखेना. मान ताठ. दिवा सहन होईना. त्यानं मुख्याध्यापकाला फोन लावला.

"सर, ॲम्ब्युलन्स बोलवायला हवी."

"उद्या सकाळी पाहुणे येताहेत आणि आज फाटकात ॲम्ब्युलन्स? पोरांना ताप येतोच हो, लोदर. सकाळी बघू."

आणि लोदर 'बरं सर' म्हणाला. हे सांगताना तो रडला, खोटं कशाला बोलू.

नऊला पाच कमी असताना वीज गेली.

"जाणारच! भुताच्या गोष्टीत वीज राहिली तर कसं चालेल, म्हातारबुवा?"

तुझ्या जिभेला काही हाड? गप ऐक.

लोदर बॅटरी घेऊन झोपायच्या लांबलचक खोलीच्या दारात उभा राहिला. बगलेत दोन हजेरीपुस्तकं. जुनं आणि आजचं. दोन्ही हिरव्या चामड्याची, एकाच मापाची, कारण आपल्याकडे पुस्तकाची बांधणीसुद्धा बदलायची म्हटलं तर सभा भरते. त्यानं एक उघडलं. नावं ओळखीचीच. आपल्या शाळेत बाप, आजा, पणजा सगळे त्याच खाटांवर झोपलेले. आडनावांवरून शतक कळायचं कसं?

"ॲकरॉइड."

"आडसुम."

लॅटिनमध्ये हजर म्हणायची ही जुनी रीत. बंद होऊन साठ वर्षं झाली. आता पोरं 'येस सर' म्हणतात. लोदरला वाटलं, उद्याच्या समारंभासाठी कार्टी सोंग करताहेत. त्यालाही थोडं हसू आलं.

"फेदरस्टन."

"आडसुम."

उजेड पानावर. खोलीत काळोख. तो वाचत गेला. पंधरा नावं. वीस. प्रत्येकाला उत्तर. पण कोणी खोकलं नाही. कोणी फिदीफिदी हसलं नाही. खाट करकरली नाही. चाळीस पोरं एका खोलीत आणि... नुसता आवाज.

"व्हिटेकर."

"आडसुम."

त्यानं पुस्तक मिटलं.

"सर..."

अगदी जवळून.

"सर, एक नाव राहिलं."

"कोणाचं?"

...

"कोण बोलतंय? कोणाचं राहिलं?"

...

"वरच्याचं."

मागे जिन्यावर पावलं वाजली. मोठ्या वर्गातला हार्ग्रीव्ह, हातात बॅटरी.

"सर, वीज गेली तशी मी सगळ्यांना खाली जेवणघरात नेऊन बसवलं. तुम्ही इथं... कोणाची हजेरी घेताय?"

त्याच्या बॅटरीचा झोत आत गेला. चाळीस खाटा. चादरी सपाट. एकही पोर नाही. लोदरनं हातातलं पुस्तक पुन्हा उघडलं. १८४७.

तो पळाला. जिना चढता चढताच त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. मुख्याध्यापक गेला खड्ड्यात, म्हणाला. वर पोराचा श्वास जेमतेम चालला होता. लोदरनं अंधारात त्याचा हात धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, मेंदूच्या आवरणाला सूज होती, आणखी तासभर गेला असता तर पोर हाती लागलं नसतं.

"म्हणजे वाचलं ना? मग ती भुतं भली होती की बिचारी!"

भली? मग लोदरनं नाताळाआधी नोकरी का सोडली? 'एक नाव राहिलं' म्हणजे त्याला वाचवा, का त्याला आमच्यात घ्या? तू सांग. तू शिकलेला आहेस. लोदरला ठरवता आलं नाही. मलाही नाही.

कारण स्ट्रेचर फाटकातून गेलं तेव्हा दिवा मी धरला होता. पोराच्या डोक्यावरचे केस कातरलेले होते. पार कातडीपर्यंत, मोठ्या कात्रीनं, ओबडधोबड. पूर्वी तापात असे केस उतरवायचे, डोकं थंड राहावं म्हणून. माझी आजी सांगायची. साडेआठला लोदरनं त्याच्या कपाळावरची तांबडी झुलपं स्वतःच्या हातानं मागे सारली होती.

वीज आल्यावर मी वर गेलो. उशी झटकली. गादी उलटली. खाटेखाली हात घातला.

एकही केस नव्हता.