निळं पाणी

"अजून नीळ टाक," थोरली म्हणाली. "हे पाणी दोन हात जाड भिंतीतून यायचंय."

"पुडी संपली. आईने विचारलं तर तुझं नाव सांगणार," तिचा मावसभाऊ ढापण्या म्हणाला.

"सांग. मावशी हल्ली मला ओरडत नाही."

महिन्यापूर्वी बाबा वारल्यापासून तिला कोणीच ओरडत नव्हतं.

बाबा गवंडी होते. दोन वर्षांपूर्वी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या खोलीला त्यांनी चुन्याचा गिलावा केला. त्याच उन्हाळ्यात कंत्राटदाराने त्या खोलीच्या बाहेर फरशी घातली. पावसाळ्यात गिलावा फुगून पडला. फादरांनी रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सेत, सगळ्यांसमोर सांगितलं, काम कच्चं होतं. त्यानंतर बाबांना कोणी काम दिलं नाही. उद्या कंत्राटदार उरलेला चुना खरवडून सिमेंट मारणार होता.

काल लपाछपी खेळताना ढापण्याला एक गोष्ट दिसली होती. चर्चच्या तीन बाजूंना, भिंतीच्या पायथ्याशी, छपरावरून भिंतीच्या आतून उतरणारं पाणी बाहेर जायला दगडी भोकं होती. चौथ्या बाजूला फक्त फरशी.

"जुन्या लोकांना वाटलं असेल, पाऊस तीनच बाजूंना पडतो," तो म्हणाला होता.

थोरली हसली नव्हती. चौथी बाजू बाप्तिस्म्याच्या खोलीची होती.

घंटाघराच्या जिन्याने पाच बादल्या वर गेल्या. त्याच बाजूच्या छपराच्या पन्हळीत ओतल्या. मग दोघं खाली येऊन बाप्तिस्म्याच्या खोलीत बाकावर बसली.

दुपारी कंत्राटदार फादरांना घेऊन आला. "चुन्याचा जमाना गेला, फादर. ही भिंत..."

तो थांबला. भिंतीच्या तळाशी हातभर निळा डाग उमटला होता, आणि तो वर चढत होता.

"शाई कुणी सांडली रे?"

"नीळ आहे. वर पन्हळीत ओतली," ढापण्या म्हणाला. "बाहेर जायला हवी होती. पण वाट तुमच्या फरशीखाली बुजलीय."

"तिथे भोक होतं हे मला कोणी सांगितलंच नाही."

"बाबांनी सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "फादर, तुमच्यासमोर."

फादरांनी वाकून डागाला बोट लावून पाहिलं. "हो," ते म्हणाले. "सांगितलं होतं. मला वाटलं, स्वतःची चूक झाकतोय." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहेस, पोरी."

ती बाजूला सरकली. "शाबासकी नको. मिस्सेत बोललात ते मिस्सेतच मागे घ्या."

फरशी दुसऱ्याच दिवशी उखडली गेली. रविवारी फादरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं, मुलं असावीत तर अशी. ढापण्याचे कान लाल झाले.

बाहेर पडताना एका काकांनी थोरलीच्या आईला थांबवलं. "वहिनी, आमच्या मनात तसं कधीच नव्हतं हो."

"मग दोन वर्षं ह्यांना कामाला का नाही बोलावलंत?" आईने विचारलं.

काका चपला शोधू लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.