फियाटवरची रेघ

गाडीच्या बाबतीत हितेशला कोणी अक्कल शिकवलेली खपत नसे. ओतूरच्या पेठेत त्याचं हार्डवेअरचं दुकान. गंज, प्रायमर आणि पॉलिश पेपर यांवर चार गोष्टी ऐकवल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात डबा देत नसे. आणि त्याच्याच घरामागच्या शेडमध्ये वडिलांची, उत्तमचंदशेठची, मलई रंगाची फियाट ते गेल्यापासून ताडपत्रीखाली गंजत पडली होती.

यंदा त्याने तिला हात घातला तो आईसाठी. धापूबाईंचं वर्षीतप संपत आलं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं त्यांनी वर्षभर रेटलं होतं. अक्षय तृतीयेला जैन स्थानकात उसाच्या रसाने पारणं व्हायचं होतं. "तुझ्या बाबांच्या गाडीतून जाईन," एवढंच त्यांनी मागितलं होतं. आईने आजवर काही मागितल्याचं हितेशला आठवत नव्हतं, त्यामुळे तो झपाटल्यासारखा कामाला लागला.

इंजिन गॅरेजवाल्याने चालू करून दिलं आणि रंगकामाला येडगावचा गोरख कॉम्प्रेसर घेऊन आला. दोघांनी सुटलेले पापुद्रे खरवडले, पत्रा चकचकेपर्यंत गंज घासला, पत्रा पुसून उन्हात तापवला. मग रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर खड्डे बुजवायला लांबीचं लुकण, पुन्हा पॉलिश पेपर आणि शेवटी रंग.

"पत्रा कोरडा असला की गंजाची काय बिशाद," हितेश म्हणाला. ऊन तर असं होतं, की शेडचं छप्पर तडतडत होतं. ओल यायला जागाच नव्हती.

दोन दिवसांत रंगाला फोड आले. सगळीकडे नाही, फक्त गाडीभोवती एका रेघेत. पुढच्या चाकापाशी ही रेघ खाली होती आणि मागे डिकीकडे चढत गेली होती.

"शेठ, लांबी तिरकी वडली राव तुमी," गोरख हसला.

हितेशला ते झोंबलं. त्याने दुकानातून पाणसळ आणली. शेडची जमीन मोरीकडे उतरती, म्हणून गाडी मागे झुकलेली होती. रेघ मात्र झुकलेली नव्हती. जिथे धरावी तिथे पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबत होता. रेघ गाडीच्या हिशेबाने तिरकी होती, पाण्याच्या हिशेबाने अगदी सरळ.

गोरखचं हसू मावळलं. त्याने मागच्या दाराचं आतलं पॅड उचकटलं. आत ओला गाळ होता, शेवाळाचा वास होता आणि गाळात बारीक गोगलगायी हलत होत्या. जिवंत.

"असल्या आमच्या धरणाच्या काठाला लई," गोरख म्हणाला. "पन ही गाडी पान्यात कधी गेलती?"

धापूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "कधीच नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून हितेशला म्हणाल्या, "ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात सोडून ये."

त्या घरात पाणी फडक्याने गाळूनच पीत, आणि फडक्यावर राहिलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडत. हितेश हे लहानपणापासून बघत आला होता. पण दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली होती आणि येडगाव काही दोन पावलांवर नव्हतं. त्याने गोगलगायी मगात गोळा करून परसातल्या विहिरीत उपड्या केल्या आणि आईला सांगितलं, धरणावर सोडल्या.

दुसऱ्या दिवशी रेघ दाराच्या मुठीपर्यंत चढली होती.

आता मात्र हितेश घाबरला. मुठीपर्यंत म्हणजे आत बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत. याच दारामागच्या सीटवर आई बसणार होती.

चारही दारांची पॅडं काढून त्याने ब्रशने एकूणएक गोगलगाय किटलीत उतरवली आणि गोरखला शेजारी बसवून त्याच फियाटने धरण गाठलं. पाणी खूप मागे हटलं होतं. गाळ वाळून भेगाळला होता. हितेशने काठावर वाकून किटली सावकाश रिकामी केली.

"शेठ, हिकडं बघा."

वाळलेल्या गाळात चाकांचे माग होते. अरुंद, फियाटच्या टायरसारखेच. ते पाण्यातून निघून थेट रस्त्याकडे गेले होते.

"कोणी गाडी धुवायला आणली असेल," हितेश म्हणाला.

"मंग आत गेल्याला माग कुटं हाय?"

हितेशने रिकामी किटली उचलली आणि गाडी ओतूरकडे वळवली.

पण त्या दिवसापासून दारं कोरडी राहिली. नवा रंग आरशासारखा बसला. अक्षय तृतीयेला धापूबाई फियाटमधून स्थानकात उतरल्या तेव्हा अख्खी पेठ बघत होती. आईच्या ओठांना रसाचा पेला लागला आणि हितेशला चारचौघांत रडू आवरलं नाही.

दुपारी घरी आल्यावर त्या आपल्या खोलीत आडव्या झाल्या. हितेश पाणी घेऊन गेला.

भिंतीच्या रंगाला फोड आले होते.

जमिनीपासून वीतभर वर. एका रेघेत. कपाटामागून, चौकटीवरून, चारही भिंतींवर.

तो पाणसळ घेऊन आला. जिथे धरली तिथे बुडबुडा मधोमध थांबला.

खिडकीबाहेर परसातली विहीर दिसत होती.

धापूबाई उठून खाटेवर बसल्या होत्या. पाय वर घेऊन, लुगड्याचा काठ गोळा करून.

"हितेश," त्या हळूच म्हणाल्या, "पहिले जीव कुठं सोडले होतेस रे?"

खाटेच्या पायावरून एक बारीक गोगलगाय सावकाश वर चढत होती.