आईची साक्ष

तुलनकाने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, "दात येताहेत."

पाच महिन्यांची रुंजी आठवडाभर तापाने फणफणली होती. ओठ लालबुंद होऊन चिरले होते आणि मांडीवर घेतलं तरी ती किंचाळत होती. तिच्या आईला, ऋतुजा काळबांडेला, यंत्राच्या त्या गोड आवाजाची आता शिसारी आली होती.

"ह्याला कोणी शिकवलं हो असं बोलायला?" तिने डॉ. वासंती कुलथेंना विचारलं.

"आपणच. तान्ह्या बाळाला काहीही झालं की घरोघरी हेच म्हणत आलो ना आपण? त्याने ते ऐकून ठेवलं."

तुलनक म्हणजे तुलना करणारं यंत्र. जालन्याच्या त्या बालरुग्णालयातच काय, देशभरात आता तेच निदान करी. त्याला आजार कळत नसे. समोरचं मूल आजवरच्या कोट्यवधी मुलांपैकी कोणासारखं दिसतं, एवढंच ते पाही आणि साम्य पुरेसं भरलं तरच औषधाचं कपाट उघडे. अंगावरचे चट्टे येतात आणि जातात, म्हणून आईची साक्षही घेतली जाई. साक्ष बदलायची तर आधीची खोटी होती असं कबूल करावं लागे, आणि खोट्या साक्षीला शिक्षा एकच: त्या मुलाचे उपचार कायमचे बंद. असला नियम करणाऱ्यांनी कधी तान्हं मूल मांडीवर घेतलं नसावं.

"मला हा कावासाकी वाटतो," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तवाहिन्यांना सूज येते. थोड्या मोठ्या मुलांत डोळे लाल, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेत गाठ, असं बरंच काही दिसतं. तान्ह्यांत एखाददुसरंच लक्षण दिसतं, जसे हिचे हे ओठ, आणि हृदयाच्या धमन्या फुगण्याचा धोका त्यांनाच जास्त."

"मग औषध द्या ना!"

"यंत्र म्हणतं, धमनी फुगलेली दिसली की खात्री पटेल."

"आणि औषध कशासाठी असतं?"

"धमनी फुगू नये म्हणून."

"वा! बैल गेला नि झोपा केला," ऋतुजा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

डॉक्टरांनी दार लोटलं. "साक्षीत डोळे लाल होते म्हणा. चिपडं नव्हती, नुसते लाल. पुरळ येऊन गेलं म्हणा. हात सुजले होते म्हणा." हे असं पढवताना त्यांचं तोंड कडू होई, पण हल्ली सगळेच डॉक्टर तसंच करत.

ऋतुजाने पढवलेलं सगळं सांगितलं. कपाट उघडलं. हजारो माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं थेंबाथेंबाने रुंजीच्या शिरेत गेली आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

काही महिन्यांनी ऋतुजा रुंजीला हृदयाच्या तपासणीला घेऊन आली. धमन्या साफ निघाल्या. बाहेर बाकावर कौसल्या घुगे नावाची एक तरुण आई बसली होती. तिच्या बाळाचे ओठही तसेच चिरलेले होते.

"डोळे लाल नव्हते, मग खरं तेच सांगितलं म्या," ती रडत होती. "आता ते म्हणतंय, साम्य नाही."

डॉक्टरांनी ऋतुजाला बाजूला घेतलं. "आपण सगळ्यांनी मिळून त्याला खोटं शिकवलं. ह्या आजारात चार लक्षणं असतातच, असं आता ते धरून चालतं. पूर्वी शंका तरी घ्यायचं."

"मग आता?"

"एकच लक्षण असूनही ह्या औषधाने बरं झालेलं एक मूल त्याला दाखवता आलं, तर कपाट उघडेल. तुम्ही साक्ष मागे घेतलीत तर. माझी नोकरी जाईल, जाऊ दे."

"आणि रुंजीचे उपचार?"

"नियम तुम्हाला माहीत आहे."

तेवढ्यात कौसल्या बाळाला घेऊन जवळ आली. "ताई, तुमच्या लेकराला बी हेच झालतं म्हणे. हिचे डोळे नव्हते ना झाले लाल?"

ऋतुजाने रुंजीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती.

"झाले होते," ती म्हणाली. "चांगले लालभडक झाले होते."