बन्सीकाकांनी बदललेला नंबर

ही गोष्ट ऐकीव नाही. त्या गाडीत मी स्वतः होते.

साल १९९२. मानवत, पाथरी रस्त्यावरचं आमचं घर. दिवेलागणीची वेळ.

माझे वडील व्यंकटराव. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते आणि धाकटे बन्सीकाका, दोघांची मिळून कापसाची अडत. काकांनी मुंबईहून मोटरवर चालणारं फाटक आणलं. मिस्त्रीनं आमच्या अँबेसिडरच्या डॅशबोर्डात एक बटण बसवलं. गाडीतला नंबर आणि फाटकातला नंबर एकच लावला, की बटण दाबताच फाटक सरकायचं. आबा लहान पोरासारखे खूश झाले होते. उगीचच बाहेर चक्कर मारून यायचे.

त्या संध्याकाळी आबा आणि मी देवगाव फाट्याहून परतलो. आबांनी बटण दाबलं.

फाटक हललं नाही.

पुन्हा दाबलं... पुन्हा...

ओसरीवर उभे असलेले काका सावकाश फाटकाच्या गजांपाशी आले.

"भाऊ, नंबर बदललाय. सगळं आता माझ्या नावावर हाय. तुमी इकडं येऊ नका."

जिथं काका म्हणतील तिथं आबांनी न वाचता सह्या केल्या होत्या. त्यांनी गाडी वळवली आणि थेट पालमला, आईच्या माहेरी आणली. आई तेव्हा तिथंच होती.

तिथं रोज दिवे लागले की आबा अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचे. बटण दाबत राहायचे. आईनं विचारलं तर म्हणाले, "बन्सी नंबर परत लावतो बघ. माझा भाऊ हाय तो."

काकांनी लावला नाही. पावसाळ्याआधीच आबा गेले. काका मातीलाही आले नाहीत.

मामांनी गाडीची बॅटरी काढून ठेवली.

एका संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते. गाडीतून आवाज आला...

टक.

जवळ गेले. काचा बंद. आत कुणी नाही. बटण मात्र आत दबलेलं... मग हळूच वर आलं.

टक.

आई आधीच खचली होती. तिला सांगितलं नाही.

मग एक दिवस सुमनकाकू एकट्याच एसटीनं पालमला आल्या. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाल्या, रोज दिवे लागताना फाटक आपोआप उघडतं. काकांनी मोटरची वायर तोडली, तरी उघडतं. मुरमावर चाकं वाजतात... ओसरीपर्यंत येतात...

"गाडी थांबल्याली कळती, बाई. पण कुणी उतरत न्हाई."

आईनं अंगणातल्या गाडीकडं पाहिलं.

"बोलावल्याबिगर कसे उतरतील ते?"

काकू रडत परत गेल्या. पण काकांनी कधीच बोलावलं नाही. फाटक उपटून भंगारात घातलं. मागे नुसते दोन खांब उरले.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला मी तिथं गेले. भर दुपार. मांडवात गर्दी. पोरं त्या खांबांमधून पळत होती.

ओसरीवरून थकलेल्या काकांनी हाक मारली, "ये सत्यशीला, आत ये."

मी पाऊल टाकलं...

छातीला गार लोखंड लागलं.

समोर काहीच नव्हतं. हात पुढे केला... गज. बोटांना नीट कळत होते.

काका माझ्याकडेच बघत होते. का थांबलीस, असं त्यांनी विचारलं नाही. फक्त मान खाली घातली.

"तुमी इकडं येऊ नका"... त्यांचेच शब्द मला आठवले. मी तशीच माघारी फिरले.

आबांनी मला अडवलं असेल, हे मन मानत नाही.

पण मग... कुणी?